मातीची खतावणी : १८० वर्षे चाललेल्या एका शेतप्रयोगाचा इतिहास

१/
इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात हार्पेंडन नावाचे गाव आहे. त्याच्या शिवारातील ब्रॉडबाल्क या शेतात १८४३ च्या शरद ऋतूत गव्हाची पेरणी झाली. त्या शेतात तेव्हापासून आजतागायत दरवर्षी गहू पेरला जात आहे. शेत लांबट पट्ट्यांत विभागलेले आहे. एका पट्ट्याला दरवर्षी शेणखत मिळते, काहींना केवळ रासायनिक खत मिळते, आणि एका पट्ट्याला सुमारे १८० वर्षांत खताचा कणही मिळालेला नाही. आज चालू असलेल्या शेतप्रयोगांत जगातील सर्वांत जुना मानला जाणारा प्रयोग तो हाच.

२/
‘रासायनिक खताने माती मरते’ असे एक मत आपण नेहमी ऐकतो. ‘शेणखताचा आग्रह म्हणजे जुनाट भाबडेपणा’ असे दुसरे मत तितक्याच आवेशाने मांडले जाते. हा वाद नवा नाही. त्याचा उत्तरार्ध आपल्या दख्खनच्या काळ्या मातीपर्यंत आणि पुण्याच्या कृषी महाविद्यालयापर्यंत येऊन पोहोचतो. मातीला काय दिले असता तिच्यात काय उरते, या प्रश्नाचा इतिहास या धाग्यात पाहू.

३/
आधी एक संज्ञा. पालापाचोळा, मुळे, धसकटे, शेण, मेलेले किडेमुंग्या हे सारे मातीत कुजते. त्यातून उरणाऱ्या द्रव्याला सेंद्रिय पदार्थ म्हणतात आणि त्यातील निम्म्याहून थोडा अधिक भाग कर्बाचा असतो. हाच ‘सेंद्रिय कर्ब’. तो मातीचे कण एकमेकांशी बांधून ठेवतो, ओल धरतो, गांडुळांपासून जिवाणूंपर्यंत सर्वांना अन्न पुरवतो आणि कुजता कुजता पिकाला नत्र देतो. त्याचे प्रमाण मात्र फार अल्प असते. बहुतेक शेतजमिनींत शंभर किलो मातीमागे तो अर्धा ते तीन किलो एवढाच भरतो.

४/
अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील विद्वानांची समजूत अशी होती की वनस्पती मातीतील कुजके द्रव्य, म्हणजे ह्यूमस, थेट खाते आणि त्यावर वाढते. जर्मन कृषितज्ज्ञ आल्ब्रेख्ट टेअर हे या मताचे मोठे पुरस्कर्ते होते. शेतकऱ्याच्या अनुभवाशी ते जुळतही होते, कारण जेथे शेणखत भरपूर, तेथे पीक जोमदार. परंतु अनुभव खरा असला तरी त्याचे कारण चुकीचे असू शकते. १८०४ मध्ये जिनिव्हाच्या निकोला-थिओदोर द सोस्यूर यांनी मोजमापाने दाखवून दिले की वनस्पतीच्या अंगातील कर्ब मुख्यतः हवेतून येतो, मातीतून नव्हे.

५/
या शोधाचा डंका पिटला तो युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. १८४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याने ह्यूमसच्या जुन्या सिद्धान्तावर कडाडून हल्ला चढवला. पिकाला मातीतून हवी असतात ती खनिज द्रव्ये. ती परत द्या, म्हणजे झाले, असा त्याचा दावा होता. अमोनियाच्या रूपातील नत्र पिकाला हवेतून पुरेसे मिळते, असेही तो पुढे सांगू लागला. त्याने स्वतःचे एक पेटंट खत बाजारात आणले आणि ते सपशेल फसले. त्यातील द्रव्ये पाण्यात सहज विरघळू नयेत अशी योजना त्याने केली होती. त्यामुळे ती पिकाच्या मुळांनाही लाभली नाहीत.

६/
याच सुमारास हार्पेंडनजवळच्या रोथॅमस्टेड या वडिलार्जित जहागिरीवर जॉन बेनेट लॉझ हा तरुण जमीनदार आपले प्रयोग करीत होता. १८४२ मध्ये त्याने सुपरफॉस्फेट खताचे पेटंट घेतले. स्फुरदयुक्त पदार्थांवर गंधकाम्लाची प्रक्रिया करून बनवलेले हे खत पुढे साऱ्या जगात पसरले. दुसऱ्याच वर्षी, १८४३ मध्ये, त्याने जोसेफ हेन्री गिल्बर्ट या रसायनशास्त्रज्ञाला नोकरीवर घेतले. गिल्बर्ट हा लीबिगच्याच हाताखाली गीसेन येथे शिकलेला होता. लॉझ आणि गिल्बर्ट यांची ही भागीदारी पुढे ५७ वर्षे टिकली.

७/
येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. जगाला शेणखत आणि रासायनिक खत यांची सर्वांत दीर्घ तुलना देणारा हा माणूस स्वतः खताचा कारखानदार होता. त्याच्या निष्कर्षांवर संशय घेण्यास वाव होता आणि तो घेतलाही गेला. परंतु लॉझने नोंदी आणि नमुने जपून ठेवले. १८८९ मध्ये त्याने १ लाख पौंडांचा न्यास स्थापून आपल्या पश्चातही प्रयोग चालू राहतील अशी तजवीज केली. त्यामुळे त्याच्या निष्कर्षांची फेरतपासणी पुढच्या प्रत्येक पिढीला करता आली.

८/
ब्रॉडबाल्कची रचना साधी होती. एका पट्ट्यात दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत टाकायचे. काही पट्ट्यांत स्फुरद, पालाश आणि अन्य खनिजे द्यायची, पण नत्र द्यायचे नाही. काहींत खनिजांसोबत अमोनियाचे क्षार वेगवेगळ्या मात्रेत द्यायचे. एका पट्ट्याला काहीच द्यायचे नाही. पीक कापल्यावर धान्य आणि काड दोन्ही तोलून नोंदवायचे आणि शेतातून बाहेर न्यायचे.

९/
पहिला निकाल लवकरच लागला. काहीच न मिळालेल्या पट्ट्याचा उतारा हेक्टरी सुमारे १ टनावर स्थिरावला. केवळ खनिजे मिळालेला पट्टा त्याच्या फारसा पुढे गेला नाही. हवेतील नत्र पुरते हा लीबिगचा दावा तेथेच कोसळला. शेणखताच्या पट्ट्यात सुमारे अडीच टन गहू आला. आणि खनिजांसह पुरेसे नत्र मिळालेल्या पट्ट्यातही जवळजवळ तेवढाच गहू आला! शेणखताचा एक कणही न घालता शेणखताइतके पीक काढता येते, हे प्रथमच इतक्या निःसंदिग्धपणे सिद्ध झाले.

१०/
या निकालाचे महत्त्व आज आपल्या ध्यानात येणे कठीण आहे. तोवर शेतीची मर्यादा गोठ्याने ठरत असे. जितकी जनावरे तितके खत, आणि जितके खत तितके धान्य. आता ती साखळी तुटली. पुढे १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊ येथे हवेतील नत्रापासून अमोनिया बनवण्याचा कारखाना सुरू झाला आणि रासायनिक नत्र अमर्याद मिळण्याचा मार्ग खुला झाला. अनेकांनी निष्कर्ष काढला की शेणखताचे काम संपले. उताऱ्याच्या वहीत पाहिले तर त्यांचे म्हणणे खरेच होते.

११/
परंतु मातीची आणखी एक वही असते आणि तिच्यात नोंद फार सावकाश उमटते. लॉझ आणि गिल्बर्ट यांनी पट्ट्यांतील माती ठरावीक खोलीपर्यंत काढून, वाळवून, बाटल्यांत भरून ठेवण्याचा प्रघात पाडला. धान्य, काड आणि माती यांचे सुमारे ३ लाख नमुने आज रोथॅमस्टेडच्या संग्रहात आहेत. त्या काळी ज्यांचा उपयोग कोणालाही ठाऊक नव्हता अशा या बाटल्या विसाव्या शतकात उघडल्या गेल्या आणि १८४३ पासूनचा कर्बाचा इतिहास वाचता आला.

१२/
या दुसऱ्या वहीत चित्र वेगळेच होते. काहीच न मिळालेल्या पट्ट्यात कर्ब १ टक्क्याच्या आसपास किंवा थोडा खालीच स्थिर राहिला. संपूर्ण रासायनिक खत मिळालेल्या पट्ट्यात तो त्याहून किंचित अधिक होता. शेणखताच्या पट्ट्यात मात्र तो रासायनिक पट्ट्याच्या सुमारे अडीच पट झाला. दोन पट्ट्यांत गहू जवळजवळ सारखा, पण पायाखालची माती सारखी राहिली नव्हती. पहिल्या दहा-वीस वर्षांत हा फरक पिकाकडे पाहून कोणाच्याही लक्षात आला नसता.

१३/
येथे दोन्ही पक्षांच्या घोषणा अडखळतात. रासायनिक खताने तेथील माती ‘मेली’ नाही. उलट खत मिळाल्यावर पीक वाढले, मुळे वाढली, धसकटे वाढली, आणि त्या अवशेषांनी कर्ब थोडा वाढवला. म्हणजे खत स्वतः कर्ब देत नाही, पण पिकाच्या मुळांमार्फत थोडाफार मिळवून देते. तरीही शेणखताची बरोबरी त्याला करता आली नाही, कारण शेणखताबरोबर हेक्टरी सुमारे ३ टन कर्ब दरवर्षी प्रत्यक्ष शेतात येत होता.

१४/
मग दीडशे वर्षांत टाकलेला सारा कर्ब मातीत साठला का? मुळीच नाही. ढोबळमानाने पाहता, टाकलेल्या दहा टनांपैकी एखादाच टन मातीत उरला. बाकीचा जिवाणूंनी खाल्ला आणि कर्बवायूच्या रूपाने हवेत गेला. मातीतील कर्ब म्हणजे पेवात भरून ठेवलेले धान्य नव्हे. वरून पाणी ओतत राहावे आणि तळाच्या भोकातून ते गळत राहावे, तशी ती अवस्था आहे. ओतण्याचा आणि गळण्याचा वेग सारखा झाला की पातळी स्थिर होते. शेणखताच्या पट्ट्यातही पहिल्या काही दशकांत कर्ब झपाट्याने वाढला आणि मग वाढीचा वेग मंदावत गेला.

१५/
ओतणे थांबवले तर काय होते, याचे उत्तर शेजारच्या हूसफील्ड शेतात मिळते. तेथे १८५२ पासून सातूचा प्रयोग चालू आहे. त्यातील एका पट्ट्याला १८५२ ते १८७१ अशी २० वर्षे शेणखत दिले आणि मग कायमचे बंद केले. कर्ब उतरू लागला, पण इतक्या सावकाश की शंभर वर्षांनंतरही तेथील माती, कधीच शेणखत न मिळालेल्या शेजारच्या मातीहून सरस होती. आजोबांनी टाकलेल्या खताचा अंश पणतूच्या पिकाला मिळत होता.

१६/
ही चिवटाई कोठून येते? कर्बाचा काही भाग महिन्यांत कुजतो, काही वर्षांत, आणि काही भाग चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना असा बिलगतो की जिवाणूंना तेथे पोहोचताच येत नाही. रोथॅमस्टेडच्या एकोणिसाव्या शतकातील मातीचे किरणोत्सारी कर्बाच्या साहाय्याने वय काढले, तेव्हा तिच्यातील सेंद्रिय कर्बाचे सरासरी वय हजार वर्षांहून अधिक निघाले. डेव्हिड जेन्किन्सन यांनी अशाच पुराव्यांवरून कर्बाच्या चढउताराचे गणिती प्रारूप रचले. १९७७ मध्ये त्याची पायाभूत मांडणी प्रसिद्ध झाली आणि त्यातून विकसित झालेले प्रारूप आज जगभर वापरले जाते.

१७/
आता पिकांच्या अवशेषांकडे वळू. १९८६ पासून ब्रॉडबाल्कच्या एका भागात गव्हाचे काड बाहेर न नेता मातीत मिसळले जाते. कर्ब बराच वाढेल अशी अपेक्षा साहजिक होती, परंतु वाढ लहानशीच दिसली. काडात कर्ब पुष्कळ, पण नत्र अत्यल्प. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्र कमी पडते आणि काडातील बहुतेक कर्ब श्वसनातच खर्च होतो. म्हणून काड व्यर्थ आहे असे नव्हे. ते माती सैल करते, पावसाच्या माऱ्यापासून तिला वाचवते. फक्त शेणखताएवढी कर्बवाढ त्याच्याकडून मागू नये.

१८/
शेणखतालाही दुसरी बाजू आहे. हेक्टरी ३५ टनांतून येणारे नत्र गव्हाच्या गरजेहून जास्त असते, आणि उरलेले पावसाबरोबर खाली झिरपते. ब्रॉडबाल्कच्या पट्ट्यांखाली १८४९ पासून निचऱ्याच्या नळ्या आहेत. त्यांतून येणाऱ्या पाण्याचे रासायनिक पृथक्करण ऑगस्टस व्होल्कर यांनी केले होते. शिवाय एवढे शेणखत येते कोठून? त्यासाठी जनावरे हवीत आणि त्यांना चारा पुरवणारी दुसरी जमीन हवी. एका शेतात वाढलेला कर्ब बहुधा दुसऱ्या शेतातून उचललेला असतो.

१९/
हाच प्रश्न घेऊन व्होल्कर यांचे पुत्र जॉन ऑगस्टस व्होल्कर भारतात आले. भारतीय शेतीच्या सुधारणेसाठी उपाय सुचवण्याकरिता सरकारने त्यांना पाठवले होते. १८८९ च्या डिसेंबरपासून वर्षभराहून अधिक काळ ते देशभर हिंडले आणि त्यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. येथील शेतकरी अडाणी आहे, हे साहेबी गृहीतक त्यांनी नाकारले. शेतकरी शेणाच्या गोवऱ्या थापून जाळतो तो खताची किंमत कळत नाही म्हणून नव्हे, तर चुलीला लाकूड मिळत नाही म्हणून, हे त्यांनी ठामपणे मांडले. सरपण आणि चारा देणारी राखीव वने गावांजवळ वाढवा, म्हणजे शेण शेताला मिळेल, असा त्यांचा उपाय होता.

२०/
व्होल्कर येण्याच्या सहा वर्षे आधीच महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये हेच दुखणे दुसऱ्या टोकाकडून सांगितले होते. वनखात्याने गायराने गिळली आणि गुरांचा चारा तुटला, ही त्यांची एक तक्रार. डोंगरउतारावरचा कुजलेला पालापाचोळा आणि प्राण्यांचे अवशेष पावसाबरोबर शेतात येत, ते सत्त्व आता वाहून जाते. म्हणून सरकारने बंधारे आणि ताली घालून ते अडवावे, ही त्यांची मागणी. ‘सेंद्रिय कर्ब’ हा शब्द त्यांच्याजवळ नव्हता. तरी कर्बाचा हिशेब हा सत्तेचाही हिशेब असतो, हे त्यांनी नेमके ओळखले होते. जंगल, गायरान आणि पाणी कोणाच्या ताब्यात आहे, यावर शेतात काय उरणार ते ठरते.

२१/
इंग्लंड आणि महाराष्ट्र यांना जोडणारा आणखी एक धागा म्हणजे हॅरॉल्ड मान. १९०७ पासून ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि पुढे मुंबई इलाख्याचे कृषी संचालक झाले. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी केलेली पाहणी १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली. आज उंच इमारतींनी भरलेले ते उपनगर तेव्हा दख्खनचे एक साधे खेडे होते. हिंदुस्थानातून परतल्यावर, १९२८ पासून, मान इंग्लंडमधील वोबर्न या प्रयोगक्षेत्रावर काम करू लागले.

२२/
वोबर्नची माती रेताड. तेथे १९४२ मध्ये एक नवा प्रयोग सुरू झाला. शेणखत, कंपोस्ट आणि शहरी मैल्याचा गाळ भरपूर प्रमाणात टाकून कर्ब किती वाढतो हे पाहायचे होते. रेताड जमिनीत चिकणमाती थोडी, म्हणून कर्बाला बिलगायला जागा थोडी. घातलेल्या सेंद्रिय पदार्थाचा मोठा भाग टिकत नाही, हे तेथे दिसून आले. पुढे उघडकीस आलेली गोष्ट अधिक गंभीर होती. मैल्याच्या गाळातून आलेले जड धातू गाळ टाकणे बंद झाल्यावरही मातीत राहिले आणि द्विदल पिकांच्या मुळांवर गाठी करणाऱ्या उपयुक्त जिवाणूंना त्यांनी अपाय केला. ‘सेंद्रिय’ एवढ्या एका शब्दाने निर्धोकपणाची हमी मिळत नाही.

२३/
दरम्यान भारतातच एक वेगळा विचार आकार घेत होता. १९२४ ते १९३१ या काळात आल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत होते. शेण अपुरे असेल तर शेतातील टाकाऊ माल कसा वापरावा, हा त्यांचा प्रश्न. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात ‘इंदूर पद्धत’ मांडली. पऱ्हाट्या आणि तुराट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडायच्या. मग तो चुरा, शेण, गोठ्यातील मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर खड्ड्यात रचायचे. पाणी शिंपडायचे, ठरावीक दिवसांनी वर-खाली करायचे. सुमारे तीन महिन्यांत खत तयार!

२४/
या पद्धतीचे मर्म प्रमाणात होते. आरंभीच्या मिश्रणात कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण सुमारे ३३ : १ असावे, असे हॉवर्ड आणि वाड यांनी ठरवले. नुसत्या पऱ्हाटीत कर्ब फार जास्त असतो, शेणामूत्राने ते संतुलन साधते. रोथॅमस्टेडच्या काडाच्या प्रयोगात पुढे जी अडचण दिसली, तिच्यावरचा उपाय इंदूरला अर्धशतक आधी सापडला होता. कच्चा कडबा शेतात गाडण्यापेक्षा तो खड्ड्यात कुजवून मग शेतात नेणे, हा तो उपाय. थोडे शेण पुष्कळ काडाला पुरवण्याची ही युक्ती होती.

२५/
हॉवर्ड यांनी १९४० मध्ये रोथॅमस्टेडच्या प्रयोगांवर कठोर टीका केली. लहान पट्ट्यांवरील मोजमापाने खऱ्या शेतीचे आरोग्य कळत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सेंद्रिय शेतीच्या चळवळीने त्यांना आद्यगुरू मानले आणि रोथॅमस्टेडला रासायनिक गोटात ढकलले. गंमत अशी की शेणखताने मातीचा कर्ब दीर्घकाळ वाढतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा हॉवर्ड यांच्याजवळ नव्हता; तो रोथॅमस्टेडच्या बाटल्यांत होता. आणि खतावाचून पिकाचा उतारा हेक्टरी एका टनापाशी अडतो, हाही पुरावा तेथलाच. एकाच शेताने दोन्ही पक्षांना अर्धे अर्धे उत्तर दिले होते.

२६/
आता आपल्या मातीकडे पाहू. दख्खनची माती काळीभोर, म्हणून ती कर्बाने समृद्ध असणार, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. तिचा काळेपणा कर्बाच्या विपुलतेचा पुरावा नाही. चिकणमातीशी घट्ट जखडलेले थोडेसे सेंद्रिय द्रव्यही मातीला गडद रंग देते. महाराष्ट्रातील बहुतांश काळ्या जमिनींत कर्ब १ टक्क्याहून कमीच असतो. उष्ण हवेत कुजण्याचा वेग इंग्लंडहून कितीतरी अधिक. त्यात एकच पावसाळी हंगाम, जमीन आठ महिने उघडी, कडबा जनावरांना आणि पऱ्हाटी चुलीला किंवा बांधावर पेटवून दिलेली. मातीच्या वाट्याला उरतात ती केवळ मुळे.

२७/
भारतातही दीर्घ प्रयोगांची परंपरा आहे. कोइमतूर येथील खतांचा कायमस्वरूपी प्रयोग १९०९ पासून चालू आहे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७० मध्ये देशभर दीर्घकालीन खत प्रयोगांची मालिका सुरू केली. अकोल्याला काळ्या जमिनीत १९८८ पासून ज्वारी-गहू या पीकक्रमावर असा प्रयोग चालतो. तेथील निष्कर्षाची दिशा ब्रॉडबाल्कशी जुळणारी आहे. काहीच न दिलेल्या जमिनीत कर्ब सर्वांत कमी. संतुलित रासायनिक खताने तो थोडा वर. आणि रासायनिक खतासोबत शेणखत दिले की उतारा आणि कर्ब दोन्ही सर्वांत चांगले.

२८/
२०१५ मध्ये देशात मृदा आरोग्य पत्रिका योजना सुरू झाली. तुमच्या घरी शेती असेल तर ती पत्रिका काढून ‘सेंद्रिय कर्ब’ ही ओळ पाहा. ०.५ टक्क्याहून कमी म्हणजे अल्प, ०.५ ते ०.७५ म्हणजे मध्यम आणि त्याहून अधिक म्हणजे भरपूर, अशी वर्गवारी रूढ आहे. आकडा वाचताना हेही ध्यानात असावे की एका हेक्टरच्या वरच्या वीतभर थरात अंदाजे ३,००० टन माती असते. म्हणजे ०.१ टक्का वाढ हवी असेल तर ३ टन कर्ब तेथे टिकून राहिला पाहिजे. टाकलेल्यातील बहुतेक उडून जातो, हे आठवले म्हणजे एका हंगामात कर्ब दुप्पट करून देणाऱ्या जाहिरातींची किंमत आपोआप कळते.

२९/
२०१५ च्याच पॅरिस हवामान परिषदेत फ्रान्सने ‘हजारी चार’ अशी योजना मांडली. जगातील मातीचा कर्ब दरवर्षी हजारात चार भागांनी वाढवावा, म्हणजे तापमानवाढीला आळा बसेल, ही कल्पना. २०१८ मध्ये रोथॅमस्टेडच्या संशोधकांनी आपल्या १६ दीर्घ प्रयोगांच्या नोंदी या कसोटीवर लावून पाहिल्या. असा वेग अनेक ठिकाणी गाठता येतो, पण तो काही दशकेच टिकतो. त्यासाठी लागणारे खत, अवशेष किंवा पीक सोडून देण्याची तयारी बहुतेक शेतकऱ्यांजवळ नसते, असा त्यांचा निष्कर्ष होता. मातीकडून अपेक्षा ठेवावी, परंतु धुराड्यांचे सारे ओझे तिच्यावर टाकू नये.

३०/
ब्रॉडबाल्कच्या कडेला एक छोटे रान आहे. १८८२ मध्ये गव्हाच्या उभ्या शेताचा एक तुकडा न कापता सोडून दिला. तेथे आता उंच झाडे आहेत आणि कधीही खत न घालता त्या मातीचा कर्ब कित्येक पटींनी वाढला आहे. मात्र तेथून कोणालाही भाकरी मिळत नाही. एका बाजूला ते रान, दुसऱ्या बाजूला खताविना गव्हाचा तो बापुडा पट्टा. माणसाची शेती या दोहोंच्या मध्ये कोठेतरी करावी लागते. मराठीत ‘खतावणी’ म्हणजे व्यापाऱ्याची हिशेबाची वही. शेतकऱ्याने खताचाही हिशेब दोन खात्यांत मांडावा, हे त्या शेताने शिकवले. या हंगामात काय निघाले ते एका खात्यात, आणि मातीत काय उरले ते दुसऱ्यात. पहिले खाते दरवर्षी तपासले जाते. दुसरे तपासायला लॉझ आणि गिल्बर्ट यांच्यामागे कित्येक पिढ्या जाव्या लागल्या, आणि आपल्याकडे ते बहुतेक शेतांत अजून उघडायचे आहे.

धागा समाप्त. तुमच्या गावी पऱ्हाटीचे, पाचटाचे किंवा शेणाचे काय होते ते खाली अवश्य लिहा. आपल्या प्रदेशाच्या मातीचा इतिहास त्या नोंदींतूनच उभा राहील.